आधी दावण, मग मोजमाप

(सोनपेठ येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, ‘शेतीतील मिथेन वायू कमी करण्यासाठी निधी’. काल तांड्यावर गेले होते, तेव्हा ही पत्रिका मी एका याडीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाई, हे मिथेन कुन्या गावचं?” तिचा प्रश्न चांगला आहे. मी पदविका घेतली ती ईश्वरविज्ञानाची, रसायनशास्त्राची नाही. त्यामुळे मलाही हा प्रश्न एकेकाळी पडला होता, आणि त्याचे उत्तर शिकताना मी एक मोठी चूक केली. ती चूक आज तुमच्यासमोर सांगणार आहे, कारण त्या कामासाठी तुमच्यापैकी काहींनी पैसे दिले होते.

आधी आजच्या निमित्ताबद्दल. परदेशातील एका देणगीदार मंडळाचे पत्र आपल्या समितीकडे आले आहे. आपण ज्या कुटुंबांत काम करतो, म्हणजे गोदाकाठचे तांडे, पारधी वस्त्या आणि कळमनुरीकडच्या आंध वाड्या, तिथल्या जनावरांपासून होणारा मिथेन कमी करण्यासाठी तीन वर्षे निधी द्यायला ते तयार आहेत. त्यांची अट एकच आहे. किती मिथेन कमी झाला ते मोजून कळवायचे. समितीला या महिन्यात उत्तर द्यायचे आहे. उत्तर काय द्यावे याबद्दल माझे मत मांडण्यासाठी मी उभी आहे.

याडीच्या प्रश्नाचे उत्तर

मिथेन आपल्याच गावचा आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी ही सगळी रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटात एक मोठा कप्पा असतो, त्याला कोटीपोट म्हणतात. तिथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव चारा आंबवतात. माणसाला कडबा पचत नाही, गाईला पचतो, तो या जिवांच्या कृपेने. हे आंबवण्याचे काम चालू असताना मिथेन तयार होतो आणि जनावर तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. पुष्कळांना वाटते की तो शेणातून येतो. शेणातूनही येतो, पण जनावराचा बहुतेक मिथेन तोंडावाटे जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हवा न लागता काही कुजले की तोच वायू तयार होतो. म्हणून पाणी साचलेल्या भातखाचरात तो होतो, कचऱ्याच्या ढिगात होतो आणि गोबरगॅसच्या टाकीत तर आपण तो मुद्दाम तयार करतो. माणसाच्या उद्योगांमुळे जगात जेवढा मिथेन होतो, त्यातला सुमारे ४० टक्के शेतीतून येतो. त्यातही मोठा वाटा जनावरांचा, आणि जवळजवळ ८ टक्के भातशेतीचा. हा वायू हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, कार्बन डायऑक्साइडसारखा शेकडो वर्षे राहत नाही. पण असतो तोवर उष्णता फार धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनाला वजन सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांचा केला तर ८० पटींच्या आसपास. म्हणूनच जगाचे लक्ष त्याच्याकडे वळले आहे. आज कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल.

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी मिळून ठरवले की २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करायचा. भारताने त्यावर सही केलेली नाही. आपल्या सरकारचे म्हणणे असे की आपल्याकडचा मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्याच्या जनावरांतून आणि भातातून येतो. तो पोटापाण्याचा आहे, चैनीचा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी होत्या. त्यातली कितीतरी एक-दोन जनावरांच्या दावणीला बांधलेली.

मला सरकारची बाजू पटते. पण मराठवाड्यात राहणारी बाई म्हणून दुसरी बाजूही पटते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण पाहिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा आपल्याही तांड्यांवर टँकरच्या मागे घागरी घेऊन बाया धावत होत्या. हवामान बिघडले की पहिला मार कोरडवाहू माणसाला आणि मजुराला बसतो. तेव्हा मिथेन कमी व्हावा यात आपलाही स्वार्थ आहे. फक्त त्याचा भार एक शेळी असलेल्या घरावर पडता कामा नये.

दीनबंधू टाकी आणि आमच्या नऊ टाक्या

या वायूचा उपयोग आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी जे आश्रयस्थान होते, तिथे १८९७ साली मैल्यापासून हा वायू तयार करून दिवे लावले होते. समाजाने ज्यांना बाहेर काढले, त्यांच्या घरी हा उजेड आधी पोचला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने लोखंडी तरंगत्या टोपीची टाकी गावोगाव नेली. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि महाराष्ट्राने त्यात आघाडी घेतली. लोखंडी टोपी महाग पडते आणि गंजते, म्हणून १९८४ मध्ये ‘ॲफप्रो’ या संस्थेने विटांच्या पक्क्या घुमटाची स्वस्त टाकी तयार केली. तिचे नाव ‘दीनबंधू’. ही संस्था १९६६ साली, अन्नटंचाईच्या दिवसांत, ख्रिस्ती सेवेच्या प्रेरणेतून उभी राहिली होती. म्हणजे गरिबाच्या चुलीसाठी ही टाकी घडवण्यात आपल्यासारख्या माणसांचा हात आहे.

२०१३ साली आम्ही गोदाकाठच्या एका तांड्यावर याच दीनबंधू नमुन्याच्या, प्रत्येकी दोन घनमीटरच्या नऊ टाक्या बांधल्या. पैसे हितचिंतकांचे आणि थोडे अनुदानाचे. पावसाळ्याच्या शेवटी पहिल्या घरात निळी ज्योत पेटली. त्या घरची सून चुलीपुढे बसून बसून डोळे लाल करून घेतलेली. ती नुसती ज्योतीकडे बघत राहिली. मी फोटो काढला. तो आपल्या याच त्रैमासिकात छापून आला होता. काहींना आठवत असेल.

मग दिवाळी आली. दिवाळीनंतर तांड्यावर काय होते ते इथे बसलेल्या आयाबहिणींना सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, बैलगाडी जुंपली, भांडीकुंडी भरली, लहान लेकरू वर बसवले, आणि निघाले ऊसतोडीला. बैल त्यांच्याबरोबर गेले. मागे राहिली म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. टाकीला रोज शेण कोण घालणार, आणि कोणत्या जनावराचे घालणार?

दोन घनमीटरच्या टाकीला रोज अंदाजे ५० किलो शेण लागते आणि तेवढेच पाणी. गावरान मोठे जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देते, म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. आमच्या नऊ घरांपैकी सहा घरांत बैलजोडी आणि एखादी गाय, एवढेच होते. हा गुणाकार मी टाकी बांधण्याआधी करायला हवा होता. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला मी कितीतरी वेळा उपासनेत सांगितला आहे. स्वतः मात्र तो विसरले.

चैत्रात लोक परत आले तोवर टाक्यांतला राडा वाळून कडक झाला होता. काहींनी खटपट करून पुन्हा चालू केल्या. पुढची दोन वर्षे दुष्काळाची निघाली. २०१६ च्या उन्हाळ्यात मी एका याडीला म्हटले, “टाकी बंद का पडू दिलीत?” ती रागावली नाही. म्हणाली, “बाई, हिला रोज चार घागरी पानी लागतं. टँकर दोन दिवसाला येतो. लेकरायला पाजावं का हिला पाजावं?” मी खाली मान घातली.

त्या वर्षाअखेर नऊपैकी दोन टाक्या पेटत होत्या. एका घरी चार-पाच जनावरे, जवळ विहीर, आणि ते कुटुंब ऊसतोडीला जात नव्हते. दुसऱ्या घरी म्हशी होत्या आणि वर्षभर घरी राहणारी एक आजी. या दोन घरांत आजही लाकूडफाटा लागत नाही, धूर नाही, आणि टाकीतून निघणारी स्लरी शेतात जाते. टाकी वाईट नाही. आम्ही ती चुकीच्या दारात बांधली.

माझी खरी चूक मात्र पुढे आहे. त्या तीन वर्षांत मी देणगीदारांना तीन अहवाल लिहिले. तिन्हींत लिहिले, ‘नऊ टाक्या बांधून पूर्ण’. वाक्य खरे होते. किती पेटतात हे कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

गळकी टाकी

नंतर एका जाणत्या गवंड्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्याने एका अर्धवट चालणाऱ्या टाकीच्या नळीला आणि व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला. फेसातून बुडबुडे येऊ लागले. तो म्हणाला, “बाई, जेवढा जळतो तेवढा कामाचा. हा सगळा वर चालला.”

मी घरी येऊन हिशेब मांडला. दोन घनमीटरची टाकी पुरेशी चालली तर दिवसाला पाऊण किलोच्या आसपास मिथेन तयार करते. त्याचा दहावा भाग जरी गळला, तरी वर्षाला पंचवीस-तीस किलो होतो. जातीवर, वजनावर आणि चाऱ्यावर अवलंबून एक मोठे जनावर वर्षाला अंदाजे २५ ते ५० किलो मिथेन ढेकरेतून सोडते. म्हणजे एक गळकी टाकी दारात एक जास्तीची गावरान गाय बांधल्यासारखी झाली, आणि ती गाय दूध देत नाही.

त्यातून, आपल्याकडे शेण कसे वापरले जाते? गोवऱ्या थापून उन्हात वाळवतात, नाहीतर उकिरड्यावर पसरून टाकतात. कोरड्या, हवा लागलेल्या शेणातून मिथेन फार थोडा निघतो. परदेशात मोठ्या गोठ्यांचे शेण पाण्याबरोबर वाहून तळ्यात साठवतात, तिथे मिथेन भरपूर होतो आणि तिथे टाकी बांधून तो फार वाचतो. आपल्या तांड्यावर टाकीने जो फायदा होतो तो मुख्यतः वाचलेल्या लाकडाचा, बाईच्या डोळ्यांचा आणि फुफ्फुसांचा. तो मोठा फायदा आहे आणि तो त्याच नावाने सांगितला पाहिजे. त्याला ‘मिथेन वाचवला’ असे नाव देऊन निधी घेणे मला आता जमणार नाही.

जिथे ढेकर तिथे उपाय

मग मिथेन कमी करायचा तर कुठे? मघाचे वाक्य आठवा, बहुतेक मिथेन तोंडावाटे जातो. तेव्हा दावणीपुढे काय टाकतो ते पाहायला हवे.

जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातल्या शक्तीचा साधारण ६ ते ७ टक्के भाग मिथेन होऊन हवेत जातो. चारा जितका निकृष्ट, तितका हा तोटा वाढतो. म्हणजे जी ढेकर जगाला जड जाते, ती आधी आमच्या याडीच्या कडब्याचे नुकसान असते. जग आणि याडी यांचा फायदा ज्या एका जागी जुळतो, ती जागा ही आहे.

काय करता येते? फार नवलाचे काही नाही. कडब्याची कुट्टी करून घातली तर जनावर निवडून टाकत नाही, वाया जात नाही. वाळलेल्या निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचा. प्रमाण चुकले तर युरिया विषारी ठरतो, म्हणून हे शिकूनच करायचे. ऊसतोडीच्या फडावर बैल महिनोन्महिने वाढ्यांवर असतात. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते अंगातला चुना बांधून ठेवते आणि जनावर खंगते. त्याला चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण द्यावे, हे कितीजणांना माहीत आहे? त्याबरोबर वेळेवर जंताचे औषध, लसीकरण आणि थोडा हिरवा चारा. लाल कंधारीसारखी आपली काटक जात थोड्या चाऱ्यावर तग धरते, तिला एवढे मिळाले तरी गुण येतो.

गेल्या वर्षी आम्ही एका वस्तीवर काही बायांच्या गटात एक कुट्टी यंत्र फिरते ठेवले आणि खनिज मिश्रण दिले. मी आकडे फुगवून सांगणार नाही, कारण आम्ही काटेकोर मोजलेच नाही. एका बाईने एवढे सांगितले की तेवढाच कडबा महिनाभर जास्त पुरला आणि गाय तांब्याभर दूध जास्त देते. तिच्या घरी चहात दूध पडू लागले. मला तो अहवाल पुरेसा आहे.

बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने २०२१ मध्ये ‘हरित धारा’ नावाचे एक पूरक खाद्य तयार केले. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून बनवलेले हे खाद्य दिल्याने ढेकरेतला मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो, असे त्या संस्थेचे सांगणे आहे. अशा गोष्टी आपल्यापर्यंत आल्या तर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणकारांना विचारून वापरू. ती मंडळी आपल्या जिल्ह्यातच आहेत.

आपले काही वाचक रायगड-ठाण्याकडे कातकरी आणि ठाकर बांधवांत काम करतात. त्यांच्याकडे जनावरांपेक्षा भाताचा प्रश्न मोठा. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ रूढ केले. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर टोकण करून भात घेतात, त्यामुळे खाचरात सतत पाणी तुंबवून ठेवण्याची गरज उरत नाही. शेतकऱ्याने हे तंत्र कष्ट आणि खर्च वाचतो म्हणून घेतले. पाणी तुंबले नाही की मिथेनही कमी होतो, तो फायदा मागून आला. मला नेमका हाच क्रम हवा आहे.

हिशेबाची वही

आता पैशाचे बोलू. काही योजनांत कमी केलेला वायू टनावर विकला जातो, त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. आपल्या कुटुंबांना यातून उत्पन्न मिळेल, असे पत्रात सुचवले आहे. समजा एक गाय वर्षाला ४० किलो मिथेन सोडते आणि चांगल्या चाऱ्याने तो १५ टक्के कमी झाला. म्हणजे ६ किलो. त्याला २८ ने गुणले तर १६८ किलो. समजा टनाला हजार रुपये भाव मिळाला, तर वर्षाकाठी एका गाईमागे १६८ रुपये. यातून मोजणाऱ्याचा खर्च, तपासणी करणाऱ्याचा खर्च आणि मधल्या माणसाचा वाटा गेला की याडीच्या हातात काय उरेल? शेळीचे तर विचारूच नका. तिची वर्षभराची ढेकर पाच किलोच्या आसपास.

तेव्हा कोणी तांड्यावर जाऊन ‘गाईच्या ढेकरेचे पैसे मिळतील’ असे सांगू नये. घर चालेल ते वाढलेल्या दुधावर, वाचलेल्या कडब्यावर आणि न मेलेल्या करडावर. आणखी एक खरे सांगायला हवे. दूध वाढले म्हणून जनावरे वाढवत नेली तर एकूण मिथेन कमी होणार नाही. लिटरमागे कमी होईल, एवढेच. निधी देणाऱ्यांना हे आधीच कळले पाहिजे.

आणि एक प्रश्न माझ्या मनाला टोचतो. आमच्या पारधी बाईच्या शेळीची ढेकर कमी झाली, तिचे प्रमाणपत्र दूरच्या एखाद्या कारखान्याने विकत घेतले, आणि त्या कागदावर त्याने आपला धूर चालू ठेवला, तर आपण कोणाची सेवा केली? या शेळीवालीने जगाचे काय बिघडवले आहे? मदत म्हणून निधी आला तर तो आनंदाने घेऊ. तिच्या नावावर सूट विकली जाणार असेल तर तिला तिच्या भाषेत सगळे सांगून, तिची राजीखुशी घेऊन, तिचा वाटा ठरवूनच काय ते करू.

समितीला माझी विनंती

म्हणून समितीने देणगीदार मंडळाला नाही म्हणू नये, पण आपल्या अटी लिहून पाठवाव्यात.

पहिली, निधीतला मोठा भाग चारा, कुट्टी यंत्रे, खनिज मिश्रण, लसीकरण आणि शिकवणे यांवर जावा. घराचा फायदा आधी पाहावा, मिथेनचा नंतर.

दुसरी, टाकी बांधायची तर ज्या घरी चार-पाच मोठी जनावरे, जवळ बारमाही पाणी आणि वर्षभर घरी राहणारे माणूस आहे, तिथेच. अशी घरे थोडी निघतील. थोडीच बांधू.

तिसरी, बांधकामाइतकाच पैसा देखभालीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक तांड्यावरचा एक मुलगा किंवा मुलगी दुरुस्ती शिकेल, फेस लावून गळती पाहील, आणि त्या कामाची मजुरी त्याला मिळेल. तीन वर्षांनी निधी संपल्यावरही दोन वर्षे ही मजुरी चालू राहिली पाहिजे.

चौथी, आपण बांधलेल्या टाक्या मोजणार नाही, पेटणाऱ्या मोजू. बंद पडलेल्या आणि गळक्याही त्याच अहवालात लिहू. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत बैल इथे नसतात, तेही लिहू.

या अटी त्यांना मान्य झाल्या तर परमेश्वराची स्तुती असो. नाही झाल्या तर आभार मानून पत्र परत करू. आपले काम त्यांच्या आधीही चालू होते.

हितचिंतकांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. तुम्हाला निळ्या ज्योतीचा फोटो आवडतो, मलाही आवडतो. पण कुट्टी यंत्राच्या पात्याचा फोटो कोणी छापत नाही. व्हॉल्व्हच्या वायसरचा फोटो कोणी काढत नाही. खनिज मिश्रणाच्या पिशवीपुढे फीत कापली जात नाही. तरी मी तुमच्याकडे त्याच गोष्टींसाठी मागते आहे. विधवेच्या दोन टोल्यांची किंमत ज्याने ओळखली, तो वायसरचीही किंमत ओळखतो, असा माझा विश्वास आहे. आणि पुढच्या वेळी माझा अहवाल आला की मला एक पत्र लिहून विचारा, ‘बाई, यातल्या किती पेटतात?’ २०१४ साली कोणी असे विचारले असते तर माझ्यावर उपकार झाले असते.

ज्यांच्या नऊ टाक्यांसाठी पैसे गेले त्यांची मी आज जाहीर क्षमा मागते. ज्या घरांच्या अंगणात मी वापरात न येणारा घुमट बांधून ठेवला, त्या घरांची क्षमा मी काल तांड्यावर जाऊन मागितली. ती याडी हसली आणि म्हणाली, “त्याच्यावर आमी शेंगा वाळू घालतो, बाई. काही वाया गेलं नाही.” तिचे मन मोठे आहे. म्हणून हिशेब आपण ठेवायचा.

या सभेनंतर चहा आहे. चहा घेऊन ज्यांना वेळ आहे त्यांनी माझ्याबरोबर तांड्यावर यावे. समितीच्या सभासदांनी तर यावेच. दोन पेटत्या टाक्या पाहा, सात कोरड्या पाहा, दावणीला काय बांधले आहे आणि पुढे काय टाकले आहे ते पाहा. मग संध्याकाळी बसून पत्राचे उत्तर लिहू.

परमेश्वर आपणा सर्वांना विश्वासू कारभारी होण्यास साहाय्य करो.